मदत हवी आहे: ट्रॅकवर चालवलेल्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात 'टक' आवाज, गुणगुण आणि ब्रेकखाली शेपूट सरकणं

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे. तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा ट्रॅकवर न्यायची आहे, पण आत्ता आहे त्या अवस्थेत तिच्यात बसायची माझी हिंमत होत नाही.

गाडी हलकी, दोन सीटची. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, चारही बाजूंना डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नसून वापराचा आहे असं मला मनापासून वाटतं. दोन वर्षांत साधारण 20 ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचे दिवस) झालेत, तेही सेमी-स्लिक (कमी खाचांच्या, जास्त पकडीच्या) टायरवर. गेल्या वर्षी स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर बदलले, तेव्हा गाडी 25 मिमी खाली आली. मागे चाकं बाहेर सरकवणारे 12 मिमीचे स्पेसर आहेत.

त्रास तीन आहेत. ते एकाच कारणाचे की वेगवेगळे, हे मला समजत नाहीये.

पहिला 'टक'. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून गाडी हलली की मागून धातूवर धातू आपटल्यासारखा एकच आवाज येतो. रिव्हर्स टाकून मागे घेतली की पुन्हा एकदा. नंतर शांत. सकाळी थंड गाडीत जवळपास नसतोच, तिसऱ्या सेशननंतर पिटमधून निघताना दर वेळी येतो.

दुसरा गुणगुण. 90 च्या पुढे सुरू होते. लांब उजव्या वळणात वाढते, डाव्या वळणात जवळजवळ गायब होते.

तिसऱ्याची मला खरी भीती वाटते. सरळ पट्टीच्या शेवटी जोरात ब्रेक दाबला की शेपूट किंचित डावीकडे सरकते. एकदाच, एखादा बोटभर, पण दर लॅपला त्याच जागी. अलाइनमेंटचे दोन कागद समोर ठेवले तर मागच्या डाव्या चाकाचा टो (वरून पाहिलं तर चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय तो कोन; एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) सहा महिन्यांपूर्वी 8 मिनिटं आत होता, आता 3 मिनिटं बाहेर आहे. उजवा होता तिथेच आहे.

गॅरेजमध्ये लिफ्टवर घेऊन चाक हलवून पाहिलं. 'प्ले नाही, सगळं ठीक आहे' असं सांगितलं. मला ते पटलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

---

पाना_बारा

तीन प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं द्या, मग बोलू.

ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आहे का? गाडी खाली घेतली तेव्हा विशबोनचे बोल्ट चाकं लटकत असताना आवळले की गाडी जमिनीवर असताना? आणि चाकाच्या मधोमध असलेला एक्सलचा मोठा नट या दोन वर्षांत कोणी उघडला होता का?

---

तिसरा_गिअर

हो, काट्यांच्या दिशेनेच. उजवी वळणं जास्त आहेत.

बोल्टबद्दल नक्की आठवतंय, कारण मी शेजारी उभी होते. गाडी लिफ्टवर होती, चाकं लटकत होती, तशीच एअर गनने आवळली.

नट उघडला होता. मागच्या वर्षी डाव्या बाजूच्या सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा सांधा) रबरी बूट फाटला होता, तेव्हा शाफ्ट काढला होता.

---

पाना_बारा

मग माझ्या मते तुमच्या गाडीत एक नाही, दोन दुखणी आहेत.

काट्यांच्या दिशेने चालणाऱ्या ट्रॅकवर वजन डावीकडे पडतं, म्हणून डाव्या बाजूची बेअरिंगं आणि डावे टायर आधी जातात. इमोला किंवा इंटरलागोससारख्या उलट दिशेच्या ट्रॅकवर हेच उजवीकडे होईल. उजव्या वळणात गुणगुण वाढते म्हणजे भार आलेलं डावं बेअरिंग ओरडतंय. यात फारशी शंका नाही.

आता नट. बऱ्याच गाड्यांत मागच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो भाग) दोन ओळींचं बेअरिंग असतं आणि त्याच्या आतल्या कड्या एकमेकांवर दाबून धरायचं काम एक्सलचा नट करतो. तो कमी आवळला गेला की कड्यांमधला दाब जातो, गोळ्यांना हलायला जागा मिळते आणि बेअरिंग काही महिन्यांत संपतं. शिवाय सीव्ही जॉइंटचा खांदा आणि हबचा तोंडाचा भाग घट्ट बसलेले नसतात. गाडी हलताना ते एकमेकांवर घसरतात, तोच तुमचा 'टक'. दिशा बदलली की पुन्हा एकदा वाजतो, मग गप्प. सीव्ही जॉइंट खराब असता तर टकटक चालूच राहिली असती, आणि बहुधा वळणात भार देताना.

नट उघडायच्या आधी टॉर्क रेंच मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावून आवळून बघा. क्लिक व्हायच्या आधी नट फिरला तर समजा. आकडा मात्र तुमच्याच गाडीचा घ्या, अंदाजाने नको. कॉलर ठोकून लॉक केलेला नट असेल तर तो एकदाच वापरायचा असतो, नवीन आणा. आणि नट सैल असताना गाडी चाकांवर ढकलू नका, बेअरिंग तिथेच खराब होईल.

---

धावपट्टी

सरळ दोन्ही शाफ्ट बदला, वेळ वाचेल. दोन्ही बाजूंचे शाफ्ट सारख्या लांबीचे असतील तर निदान डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवा. पुढे जाताना सीव्हीच्या खाचांची एकच बाजू झिजते. शाफ्ट अदलाबदल केला की न झिजलेली बाजू भाराखाली येते.

---

पाना_बारा

@धावपट्टी, अदलाबदलीची युक्ती खरी आहे, रेसिंगवाले ती वापरतात. पण निदान व्हायच्या आधी भाग बदलले तर आवाज गेल्यावरही नेमकं काय बरं झालं ते कळत नाही.

---

सावरी

ताई, टोबद्दल मी लिहिते, कारण हेच माझ्या गाडीत घडलं होतं.

विशबोनच्या रबरी बुशमध्ये आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते, बाहेरची नळी हाताबरोबर फिरते आणि मधलं रबर पिळलं जातं. चाकं लटकत असताना बोल्ट आवळले की रबर त्या स्थितीला 'शून्य' धरतं. मग गाडी जमिनीवर आली की उभी असतानाही ते पिळलेलंच राहतं. त्यात तुमची गाडी 25 मिमी खाली. प्रत्येक कर्ब, प्रत्येक ब्रेक त्या आधीच पिळलेल्या रबरावर. शेवटी रबर नळीपासून सुटतं.

लिफ्टवर चाक हाताने हलवून हे दिसत नाही. हाताच्या जोराने तुटकं रबरही जागचं हलत नाही, पण ब्रेक दाबल्यावर चाक मागे ओढलं जातं ते शेकडो किलोच्या जोराने. टॉमी (लोखंडी पहार) घ्या, विशबोन आणि तो ज्याला जोडलाय त्या सबफ्रेमच्या मध्ये घालून हळूच दाबा, आणि दुसऱ्या कोणाला तरी टॉर्च धरून बुशकडे बघायला सांगा. दाबणाऱ्याला फट दिसत नाही, बघणाऱ्याला दिसते.

चाक हलवतानाही पद्धत पाळा. फक्त वर-खाली ढिलाई असेल तर बॉल जॉइंटकडे बघा, फक्त आडवी असेल तर टो लिंककडे. दोन्हीकडे असेल तर बहुधा बेअरिंग. खात्री करायची तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलाई नाहीशी झाली तर ती बेअरिंगचीच, कारण ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि कॅलिपरमुळे हब जखडला जातो.

आणि ज्या एक्सेंट्रिक बोल्टने फिरवून टो लावतात त्यावर रंगाची रेघ मारून ठेवा. कधी कधी बुश चांगलं असतं आणि बोल्टच फिरलेला असतो.

---

तिसरा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचा पूर्ण दिवस गाडीखाली गेला. जे दिसलं ते सविस्तर लिहिते.

आधी थोडं चालवून आणलं आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही हब मोजले. डावा 96 अंश, उजवा 71. ब्रेक न वापरता, फक्त फिरवून आणल्यावर.

मग नट. टॉर्क रेंचवर मॅन्युअलचा आकडा लावला आणि खेचलं. क्लिक होण्याआधी नट पाव फेऱ्याहून जास्त फिरला. शाफ्ट बाहेर काढल्यावर जॉइंटच्या खांद्यावर एक चकचकीत कडं दिसलं, घासून आरशासारखं झालेलं, आणि त्याच्या कडेला तांबूस बुकटी. हबच्या तोंडावरही तीच बुकटी. बोटाने पुसली तर मेणासारखी चिकटली. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर एका जागी दाताखाली खडा यावा तसं अडखळतंय. सीव्ही जॉइंट मात्र गुळगुळीत आहे, खाचांना खड्डे नाहीत, गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्याच्या खिडक्या शाबूत आहेत. बरं झालं घाईने शाफ्ट मागवला नाही.

मग टॉमी. माझ्या भावाने टॉर्च धरली आणि मी दाबलं. खालच्या विशबोनच्या मागच्या बुशला बाहेरून काहीच नव्हतं. दाब दिला आणि तो ओरडला, 'अगं थांब, बघ!' जागा बदलून मीही पाहिलं. रबर आतल्या नळीपासून अर्धा घेर सुटलेलं, दाब दिला की चंद्रकोरीएवढी फट उघडते, सोडला की बंद. थंड गाडीवर, लिफ्टवर, हाताने ढकलून हे कोणाला दिसणार होतं?

बॉल जॉइंट आणि टो लिंक चांगल्या आहेत. एक्सेंट्रिक बोल्टची जुनी खूण जागच्या जागी आहे.

ठरवलेलं असं: डावं बेअरिंग, नवा नट, दोन्ही बाजूंचे खालचे बुश. स्पेसर काढून टाकते. बोल्ट आवळताना हबखाली जॅक लावून गाडी उभी असते त्या उंचीवर आणायचं आणि मगच टॉर्क रेंच. आता एकच प्रश्न उरला आहे: उजव्या बेअरिंगचं काय करू? 71 अंश असलं तरी तेही तितकेच 20 दिवस पळालं आहे.

---

पाना_बारा

त्या बाजूचा नट कोणी उघडला नव्हता ना? मग बेअरिंग काढू नका. दाबून काढताना चांगलं बेअरिंगही वाया जातं. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं यंत्र) लावून हबची ढिलाई मोजा, मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर राहू द्या, आणि प्रत्येक ट्रॅक डेनंतर दोन्ही बाजूंचं तापमान वहीत लिहीत जा.

---

तिसरा_गिअर

मोजलं. मर्यादेत आहे. उजवं राहू दिलं.

नवे भाग बसवून आज अलाइनमेंट झालं. मागचा टो दोन्ही बाजूंना 8 मिनिटं आत. मोकळ्या रस्त्यावर 100 पर्यंत नेली, गुणगुण नाही. पहिला गिअर, रिव्हर्स, पुन्हा पहिला: एकदाही 'टक' नाही. नटावर आणि शाफ्टच्या टोकावर पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढली आहे. पहिल्या सेशननंतर चाकाची टोपी काढून तीच आधी बघणार आहे. रेघ तुटलेली दिसली तर गाडी ट्रेलरवर चढवून परत आणेन आणि इथे फोटो टाकेन.