आमच्या चर्चचे काका गेले, रविवारी पाच मिनिटं बोलायचंय, काय बोलू?

मागचा_बाक:
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चचे सेवक, आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो, मागच्या आठवड्यात गेले. घंटा वाजवणं, दारं उघडणं, बाकं पुसणं, वेदीवरचं कापड बदलणं, लग्न असो की मयत, सगळ्यात आधी यायचे नि कुलूप लावून सगळ्यात शेवटी जायचे. पाळक बदलत राहिले, काका तेच. या रविवारी स्मरणसभा आहे आणि कमिटीने मला बोलायला सांगितलंय कारण लहानपणी मी सतत त्यांच्या मागे मागे असायचे. लिहायला बसले की "मनमिळाऊ, कष्टाळू, सदैव हसतमुख" असलंच कागदावर उतरतं, ते कोणालाही लागू पडेल, काका त्यात कुठेच दिसत नाहीत. चार कागद फाडले. आणि कमिटीत संगमरवरी पाटी लावायची चर्चा चाललीय, त्याचं मला बरंही वाटतंय आणि कुठेतरी खटकतंय पण. तुमच्याकडे कोणी असं गेलं असेल तर काय केलंत सांगा प्लीज.

शाईपेन:
वाचून वाईट वाटलं. ताई, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये अध्याय 9 काढा, दुर्कस नावाची बाई वारली तो भाग. येशूचा शिष्य पेत्र यापो गावाला पोचतो, त्याला माडीवरच्या खोलीत नेतात, तिथे विधवा रडत उभ्या असतात आणि ती कशी होती हे सांगत बसण्याऐवजी तिने शिवलेले अंगरखे नि कपडे त्याच्यापुढे धरतात. बस, एवढंच. तुम्हीही तेच करा, काकांच्या हातची एखादी वस्तू लोकांना दाखवा, विशेषणांची गरजच पडणार नाही. असं काय आहे त्यांचं?

मागचा_बाक:
आहे ना! घंटेचा दोर. जिथे हात धरतात तिथे काकांनी जुन्या वेदीवस्त्राची पट्टी गुंडाळून दोऱ्याने शिवून टाकली होती, का तर मी दहा वर्षांची असताना दोर ओढायचा हट्ट केला आणि माझा तळहात सोलवटला. पुढच्या रविवारी पट्टी आली. स्वतः इतकी वर्षं उघड्या दोराने वाजवत होते, त्यांच्या हाताला काही होत नव्हतं म्हणे. ती पट्टी अजून तशीच आहे, जांभळी होती, आता करडी झालीय. आणि गीतांचे नंबर लावायच्या फळीवरचा इंग्रजी सहाचा आकडा हरवलेला, ते नऊ उलटा करून लावायचे, आणि एखाद्या रविवारी सहा नि नऊ दोन्ही जास्तीचे लागले तर आदल्या रात्री पुठ्ठ्यावर कापून आणायचे. लिहिता लिहिता रडू आलं.

जुनी_सभासद:
हेच बोला, यात काका दिसतात. मला जरा वेगळं सांगायचंय, रागावू नका. आमच्याकडे ऑफिस सांभाळणाऱ्या बाई गेल्या तेव्हा सभा खूप मोठी झाली, हार, भाषणं, सगळं झालं, त्यांचे यजमान पुढच्या बाकावर बसलेले आणि त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही की तुम्हाला काही बोलायचंय का. आणि चर्चच्या आवारातली त्यांची खोली महिन्याभरात रिकामी करायला सांगितली. मला ते अजून सहन होत नाही. काकांचं घर आवारात असेल तर पाटीच्या आधी कमिटीत तो विषय काढा, राहिलेला पगार, फंड, औषधाची बिलं, हे आधी मिटवा आणि काकूंना मुदत द्या. पाटी काय, पुढच्या वर्षीही लागेल.

त्या बाईंबद्दल एकच सांगते. बाप्तिस्मा, लग्न, दफन, तिन्ही रजिस्टरं त्याच लिहायच्या, आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं त्यांच्या अक्षरात आहेत, तिरकं बारीक अक्षर, र ला लांब शेपटी. दफनाच्या रजिस्टरमध्ये त्यांची स्वतःची नोंद हीच बऱ्याच वर्षांतली पहिली दुसऱ्याच्या अक्षरातली. मी मुद्दाम पान उघडून बघितलं आणि तिथेच बसून राहिले.

दाराशी_उभा:
जुनी_सभासद, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 16 वा अध्याय आठवला. पत्र पाठवणारा प्रेषित पौल एकेकाचं नाव घेऊन सलाम सांगत जातो, सुरुवातच किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिच्यापासून, आणि मध्येच 22 व्या ओवीत पत्र लिहून घेणारा तर्तियस स्वतःचा सलाम घालून देतो. लिहिणाऱ्याचं नाव राहिलं ते त्या एका ओळीमुळे. मला तो अध्याय लहानपणी कंटाळवाणा वाटायचा, आता नाही वाटत.

मागचा_बाक ताई, पाटीचं तुम्हाला खटकतंय ते बहुतेक जागेमुळे. वेदीजवळ देणगीदारांच्या रांगेत काका शोभणार नाहीत, दारापाशी किंवा दोराजवळ लावा, लहान, आणि वचन हवंच असेल तर स्तोत्र 84 मधली 10 वी ओवी, देवाच्या घराच्या उंबऱ्याशी द्वारपाळ होणं बरं म्हणणारी. आणि अजून एक, काकांना जे ठाऊक होतं ते आत्ताच कोणीतरी लिहून काढा. ख्रिस्तजन्माआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाला जांभळं कापड, ख्रिस्तजन्म नि ईस्टरला पांढरं, पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला, लाल, हे पुस्तकात सापडेल, पण तुमच्याकडचं लाल कापड कुठल्या पेटीत आहे, ऐकू न येणारे आजोबा कुठल्या स्पीकरशेजारी बसतात, कुठलं दार पावसात फुगतं, हे त्यांच्याबरोबर गेलं असेल तर पेंटेकॉस्टच्या सकाळी सगळ्यांची धावपळ होईल. दफनाच्या दिवशी घंटा कोणी वाजवली?

मागचा_बाक:
कोणीच नाही. ते आत्ता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. आमच्याकडे गुड फ्रायडेला घंटा गप्प असते, तसंच गप्प गेलं सगळं आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

काल काकूंकडे जाऊन आले. खोलीचं कमिटीला लेखी देते म्हणून सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरून बसल्या. बोलायचंय का विचारलं तर म्हणाल्या, मला बोलता येणार नाही, पण रविवारची घंटा मी ऐकते घरातून, ती वाजव म्हणजे झालं. किल्ल्यांचा जुडगा दिला, प्रत्येक किल्लीला काकांनी वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. उद्या संध्याकाळी शिकायला जाते, शेवटची एकदोन वर्षं त्यांना मदत करणारा एक मुलगा आहे, त्याला येतं म्हणे.