मदत हवी आहे: नैऋत्येची बेडरूम आणि अकोल्याचा मे

मंडळी, अकोल्यात घर बांधायला काढलंय. ३० बाय ४०चा प्लॉट, रस्ता पश्चिमेला, तळमजला अधिक एक. एका खोलीवरून घोडं अडलंय.

वास्तूप्रमाणे वरच्या मजल्यावर नैऋत्येलाच मास्टर बेडरूम हवी, असं बाबांचं म्हणणं. म्हणजे पश्चिमेची भिंत आणि गच्चीचा स्लॅब, दोन्हीकडचं ऊन एकाच खोलीला. सध्याच्या भाड्याच्या घरात अशीच खोली आहे. मेमध्ये रात्री अकरालाही भिंतीलगतच्या कपाटातले कपडे गरम निघतात आणि पंखा लावला की वरून झळा येतात. कूलर आहे, पण जूनमध्ये आभाळ भरलं की नुसती चिकचिक. आईला दमा आहे, तो कुबट दमटपणा तिला सोसत नाही. एसी घेऊच, पण दिवसभर त्याच्याच जिवावर राहायचं घर नको.

ठेकेदार म्हणतो, राखेच्या विटांची नऊ इंची भिंत, आतून पीओपी सीलिंग, विषय संपला. आर्किटेक्ट मॅडम सिपोरेक्सचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक सांगतात, शिवाय स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या फोमचा) बोर्ड टाकून त्यावर कोबा. इको निवास संहिता २०१८ (घरांसाठीची ऊर्जाबचतीची सरकारी संहिता) प्रमाणे छताची यू-व्हॅल्यू, म्हणजे त्यातून उष्णता किती झिरपते त्याचं माप, १.२ च्या आत हवी, नुसत्या स्लॅब-कोब्यावर ते जमत नाही, असं त्या म्हणतात. दोन्ही खर्च एकदम झेपणार नाहीत. आधी छत की भिंत? गच्चीवर पत्र्याची शेड नकोय, कुरडया-पापड वाळवायला जागा लागते.

(वास्तू सोडा, असे प्रतिसाद कृपया नकोत. ते युद्ध मी आधीच हरलोय.)

गच्चीकर: आधी छत, डोळे झाकून. अकोल्यात मेच्या चौथ्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो, दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर. दक्षिणेच्या भिंतीला तेव्हा ऊन जवळजवळ नसतंच, सगळा मारा स्लॅबवर. पीओपीने स्लॅब तापायचा थांबत नाही, म्हणून बोर्ड वरूनच. सगळ्यात वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करा, वाळवणंही होतील. नुसता चुना दरवर्षी मारत बसावा लागतो. बोर्ड टाकायच्या आधी गच्चीत पाणी साठवून गळती तपासा, नंतर सापडत नाही.

विटकरी: छताशी सहमत. पश्चिमेला मात्र छज्ज्यावर पैसे घालू नका, चार-पाचचं तिरपं ऊन त्याच्या खालून आत येतं. खिडकी छोटी ठेवा, बाहेरून चटई सोडा. आतला पडदा काय, काच ओलांडून आलेल्या उन्हाला अडवणार! ब्लॉक परवडत नसतील तर त्याच राखेच्या विटा रॅट ट्रॅप पद्धतीने लावा. वास्तुविशारद लॉरी बेकरांनी केरळात ती रुळवली. विटा उभ्या, मध्ये पोकळी, साधारण २५ टक्के विटा वाचतात. पोकळीत मसाला पडला तर फायदा गेला, तेव्हा मिस्त्रीकडून आधी नमुन्याची भिंत करून घ्या. वायरिंगचे पाइपही आधीच ठरवा, नंतर झिरी मारता येत नाही.

आणि पश्चिमेची अख्खी भिंत कपाटांनी भरा, पलंग पूर्वेकडे. जड सामान नैऋत्येला, हे वास्तूतच आहे. कपडे तापले तर तापू देत.

धागाकर्ता: कपाटांवर बाबा लगेच राजी! एक्सपीएस बोर्ड अकोल्यातच मिळतात की नागपूरहून मागवावे लागतील? कुणी अलीकडे घेतले असतील तर भाव सांगा.