पर्यावरण विषयाचा फील्ड प्रोजेक्ट गावाच्या उपयोगी कसा पडेल?

पर्जन्यछाया (प्रश्न)

नमस्कार. मी अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि गेली नऊ वर्षे पदवीच्या सर्व शाखांचा पर्यावरण विषयही माझ्याकडेच आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली पर्यावरणशिक्षणाचा आदेश दिला, 2003 मध्ये त्याची अंमलबजावणी करण्यास पुन्हा बजावले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी 50 तासिकांचा जो अभ्यासक्रम आखला, त्यात 25 गुण क्षेत्रकार्यासाठी राखून ठेवले. आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभाग यांना स्वतंत्र क्रेडिटही आहेत. म्हणजे शाश्वत विकास वर्गाबाहेर नेऊन शिकवण्याची सोय आपल्या व्यवस्थेत पुरेशी आहे.

तरीही गेल्या वर्षी माझ्या टेबलावर जे 140 अहवाल आले, त्यांतील कितीतरी महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणलेले होते. एका नदीच्या प्रदूषणाचे तेच वर्णन, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसह, मी अनेकदा वाचले; ती नदी आमच्या तालुक्यातून वाहतही नाही. याचे मला फार वाईट वाटले, कारण ही मुले शेतकऱ्यांची आहेत आणि उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत हंडे लावून मग तासाला येतात.

माझा प्रश्न असा आहे की 140 विद्यार्थी, एक शिक्षिका, एक सत्र आणि वाहनाची सोय नाही, एवढ्या बळावर कोणते काम हाती घ्यावे, ज्यातून मुले शिकतील, गावाला काही हाती लागेल आणि ज्याला संशोधन म्हणता येईल?

कातळ

मॅडम, विहिरी घ्या. मी भूशास्त्राचा शिक्षक आहे आणि आमचे विद्यार्थी गेली सात वर्षे एकाच गावातील 18 विहिरींची पाण्याची पातळी मोजत आहेत. साहित्य म्हणजे 30 मीटरची टेप, तिच्या टोकाला बांधायला एक वजन आणि एक वही. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाची खूण करून ठेवावी आणि दर वेळी तिथूनच टेप सोडावी. वजन पाण्याला टेकले की टेप हाताला एकदम सैल लागते. दोन-तीन विहिरी झाल्या की मुलांना ते बरोबर कळू लागते. पंप चालू असताना पातळी खाली गेलेली असते, म्हणून मोजणी सकाळी लवकर, पंप सुरू होण्याआधी करावी, आणि शेतीला रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात मोजणी ठेवूच नये. पहिल्या वर्षी आम्ही हे पाळले नाही आणि निम्मे आकडे टाकून द्यावे लागले.

मोजणी वर्षातून किमान दोनदा हवी: मेअखेर आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात. या दोन पातळ्यांमधली वाढ हा त्या पावसाळ्यातील पुनर्भरणाचा, म्हणजे जमिनीत मुरलेल्या पाण्याचा, ढोबळ अंदाज. आपला बहुतेक प्रदेश बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा, आहे. त्यात पाणी राहते ते भेगांमध्ये आणि मुरमाच्या थरात, त्यामुळे खडकाच्या एकूण घनफळापैकी पाणी देणारा वाटा 1 ते 3 टक्केच धरावा लागतो. समजा, शिवार 1000 हेक्टरांचे आहे, पातळी सरासरी 4 मीटर वर आली आहे आणि हा वाटा 2 टक्के धरला, तर साठलेले पाणी 8 लाख घनमीटर, म्हणजे 800 टीसीएम (हजार घनमीटर) होते. त्याच शिवारावर 500 मिलिमीटर पाऊस झाला असेल तर पडलेले पाणी 5000 टीसीएम. गव्हाला हंगामात 40 सेंटीमीटर पाणी धरले तर हेक्टरी 4 टीसीएम लागते, म्हणजे विहिरींतले सगळे पाणी गव्हाला दिले तरी 200 हेक्टरच भिजतात, आणि पिण्याचे व जनावरांचे पाणी त्याआधी बाजूला काढावे लागते. हे गणित आमच्याकडे वाणिज्य शाखेची मुले सर्वांत नेटके मांडतात. ताळेबंद हा शब्दच त्यांच्या रोजच्या अभ्यासातला आहे. पेरा किती झाला हे ई-पीक पाहणीवरून (शासनाच्या ॲपवरील पीकनोंदीवरून) आणि बांधावर जाऊन, दोन्हींकडून तपासावे, कारण दोन्हींत फरक निघतो आणि तो का निघाला हे शोधतानाच मुले खरी शिकतात.

मात्र एक गोष्ट आम्हाला उशिरा समजली. तिसऱ्या वर्षी एका वयस्क शेतकऱ्यांनी कठड्याला हात टेकून मुलींना विचारले, "मागल्या वर्षीबी पोरं मोजून गेली. आकडा कुठाय?" आकडा आमच्या कपाटात होता. तेव्हापासून ऑक्टोबरची मोजणी झाली की आठ दिवसांत, रब्बीची पेरणी पुढे सरकण्याआधी, मुले ग्रामसभेत ताळेबंद मांडतात. हिवरे बाजार तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची रीत पडली आहे, आणि शेतीसाठी बोअर घेण्यास गावानेच बंदी केली आहे. मुलांना एकदा तिथली ग्रामसभा पाहायला घेऊन जा.

शिवार आणि संगणक

कातळ सरांचे काम मोलाचे आहे, परंतु एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. आकडा ग्रामसभेपर्यंत नेणे पुरेसे नाही, कारण गावाचे अनेक प्रश्न ज्या टेबलावर सुटतात ते टेबल गावात नसते.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे 'सितारा' हे केंद्र 1985 पासून आहे. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे विद्यार्थ्यांना कर्जत, मोखाडा अशा भागांतील पाण्याच्या प्रश्नांवर अभ्यास करायला लावले. त्याच धर्तीवर राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने 2016 मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. त्यामागचा विचार मला पटतो: स्थानिक महाविद्यालयाने आपल्याच तालुक्याचा प्रश्न घ्यावा आणि तो संबंधित शासकीय यंत्रणेसमोर अभ्यासाच्या भाषेत मांडावा.

आमच्या मुलांनी एका नळयोजनेच्या शेवटच्या वस्तीला पाणी का पोहोचत नाही, हे शोधले. टाकीची उंची, वस्तीची उंची, वाहिनीचा व्यास आणि पंपाचे तास मोजल्यावर असे दिसले की पाणी कमी नव्हते. वरच्या दोन वस्त्यांवरच्या झडपा दिवसभर उघड्या राहत होत्या. अहवाल पाणीपुरवठा उपविभागाला दिला, तीन खेपा घालाव्या लागल्या, आणि शेवटी वेळापत्रक ठरले. गावातल्या चर्चेत हे झाले नसते, कारण वरच्या आणि खालच्या वस्तीचे बोलणेच बंद होते.

दुसरी अडचण विद्यापीठाची आहे. पदोन्नतीच्या वेळी नियतकालिकांतील शोधनिबंध मोजले जातात. पाच वर्षे एका गावात काढलेल्या अध्यापकाच्या नोंदवहीला तिथे जागा नाही. अभ्यासमंडळांवर असलेल्या मंडळींनी हा प्रश्न विद्या परिषदेपर्यंत न्यायला हवा, अन्यथा हे काम हौशी शिक्षकांपुरतेच राहील आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर थांबेल.

घाणेरी

आपण वनस्पतिशास्त्राच्या आहात, म्हणून आणखी एक सुचवते. जैवविविधता कायदा 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही (गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीच्या लोकज्ञानाची नोंद) असणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, आणि मुदतीच्या घाईत तयार झालेल्या काही नोंदवह्यांत शेजारच्या गावाचीच यादी उतरलेली मी स्वतः पाहिली आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीत बसून वाचावी आणि शिवारात काय आहे ते पडताळावे. कोणत्या गवताला गावात काय म्हणतात, ते आता कोणत्या बांधावर उरले आहे, हे आजीला विचारूनच कळते. फक्त एक पथ्य पाळा: औषधी उपयोगाची माहिती देणाऱ्याची संमती आणि समितीची परवानगी असल्याशिवाय ती अहवालात लिहू नका. ते ज्ञान त्या माणसांचे आहे.

पर्जन्यछाया

सर्वांचे मनापासून आभार. घाणेरी ताई, नोंदवहीचे काम तृतीय वर्षाच्या वनस्पतिशास्त्राच्या मुलांकडे सोपवीन. उरलेल्यांसाठी विहिरी. मुले ज्या गावांतून येतात त्यांपैकी सहा गावे निवडली आहेत, प्रत्येक गावात दहा विहिरी, आणि मोजणारा विद्यार्थी त्याच गावचा, म्हणजे वाहनाचा प्रश्न उरत नाही. शिवार आणि संगणक सर, आपले म्हणणे लक्षात घेऊन ताळेबंदाची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांनाही देऊ.

कातळ सरांना एक शंका विचारायची आहे: सत्र नोव्हेंबरात संपते आणि मेमध्ये मुले परीक्षेत किंवा सुट्टीत असतात. मग मेची मोजणी आपण कोणाकडून करून घेता?

कातळ

पहिली दोन वर्षे मी एकटा गाडीवरून फिरून करत होतो. आता प्रत्येक विहिरीच्या मालकाकडे वजन बांधलेली सुती दोरी दिलेली आहे. मेअखेरीस ते स्वतः दोरी सोडतात, ओल्या भागाच्या वर गाठ मारतात आणि दोरी ओट्यावर टांगून ठेवतात. जूनमध्ये नवी मुले आली की त्यांचा पहिला तास म्हणजे त्या 18 दोऱ्या मोजून आणणे.