मदत हवी आहे : कागद काढला तरी वास्तव प्रतिमा दिसते, मग ती असते कुठे?

भाची नववीत आहे. तिला गोलीय आरसे समजावताना मीच अडकलोय, म्हणून हा धागा.

घरी एक अंतर्गोल (आत खोलगट) आरसा आहे. लांबच्या खिडकीची प्रतिमा कागदावर घेतली, तर नाभीय अंतर (लांबून आलेले किरण आरशापासून जिथे एकत्र येतात तिथवरचं अंतर) २० सेंमी भरलं. मग अंधार करून मेणबत्ती आरशापासून ३० सेंमीवर ठेवली आणि कागद हळूहळू मागे नेला. ६० सेंमीवर ज्योत रेखीव उमटली. उलटी, दुप्पट मोठी, वातीचं काळं टोकसुद्धा दिसत होतं. (मेणबत्ती मध्ये येते, म्हणून ती अक्षाच्या, म्हणजे आरशाच्या मधून जाणाऱ्या सरळ रेषेच्या, जरा डावीकडे ठेवली.) नंतर मेणबत्ती १० सेंमीवर आणली. आता कागद कुठेही धरा, नुसता उजेड. आरशात मात्र सुलटी ज्योत, पुन्हा दुप्पटच. सूत्राप्रमाणे ती आरशामागे २० सेंमीवर. इथवर ठीक.

मेणबत्ती परत ३० सेंमीवर ठेवून भाचीने कागद काढला आणि मीटरभर लांबून आरशाकडे पाहिलं. उलटी ज्योत दिसतेच आहे! ती म्हणाली, "पडद्यावर घेता येते ती वास्तव ना? मग पडदा नसताना मी काय बघतेय? ही तर आरशाच्या आत दिसतेय." मी "हवेत आहे" म्हणालो, पण खरं सांगायचं तर मलाही ती आतच वाटते. शिवाय ४० सेंमीपर्यंत जवळ गेलं की सगळं पुसट होतं. ते का? पाठ कर म्हणून तिला गप्प करायचं नाहीये. कृपया मदत करा.

प्रतिसाद १
तुमचं "हवेत" बरोबर आहे. ६० सेंमीवर किरण खरोखर एकत्र येतात आणि तिथून पुढे पसरत जातात, जणू ज्योत तिथेच आहे. कागद फक्त ते किरण चहूकडे विखुरतो, म्हणून प्रतिमा कुठूनही दिसते. कागद नसेल तर डोळा पसरणाऱ्या किरणांच्या वाटेत हवा. ४० सेंमीवर किरण अजून एकत्र यायचे असतात. एकवटत येणारे किरण डोळ्याला नीट जुळवता येत नाहीत, म्हणून पुसट. आभासी प्रतिमेत (मेणबत्ती १० सेंमीवर असताना दिसली ती) किरण आरशामागे जातच नाहीत, ते तिथून आल्यासारखे वाटतात एवढंच. म्हणून तिथे कागद धरून उपयोग नाही.

भाचीला पटवायचं तर एक सुई प्रतिमेच्या रेषेत उभी करा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा. दोन्ही एकत्र हलल्या की जागा सापडली.

प्रतिसाद २
पण आभासी प्रतिमेचा फोटो निघतो, मग ती पडद्यावर येत नाही असं कसं म्हणायचं?

प्रतिसाद १
कॅमेऱ्याचं भिंग ते पसरणारे किरण पुन्हा एकत्र आणतं. सेन्सरवर पडते ती भिंगाने तयार केलेली वास्तव प्रतिमा. डोळ्याच्या पडद्यावरही तेच घडतं.

धागाकर्ता
आत्ताच करून पाहिलं. सुई आधी ५० सेंमीवर धरली. डोकं उजवीकडे नेलं की ज्योत सुईच्या डावीकडे सरकायची, म्हणजे ज्योत सुईपेक्षा आमच्या जवळ! भाचीने सुई हळूहळू आपल्याकडे ओढली. ६१ सेंमीवर दोन्ही चिकटल्यासारख्या एकत्र हलायला लागल्या. तिने तिथे हवेत बोट धरलं आणि म्हणाली, "इथे आहे." आता बहिर्गोल (बाहेर फुगीर) आरसा मागतेय. त्यात मेणबत्ती कुठेही ठेवली तरी प्रतिमा आभासी, सुलटी आणि लहानच, हे तिला स्वतः तपासायचंय.

खूप आभार!