सगळ्या जगाला शुद्ध पाणी: घोडं अडतंय कुठे?

वाटसरू:
२०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वच्छ पाणी हा मानवी हक्क मानला. १२२ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, ४१ तटस्थ. २०३० पर्यंत सर्वांना सुरक्षित पाणी, हे उद्दिष्टही ठरलंय. तरी डब्ल्यूएचओ-युनिसेफच्या हिशोबाने २०२२ मध्ये सुमारे २२० कोटी लोक त्याविना होते. पाण्यातले जंतू मारणारं क्लोरीन शंभर वर्षांहून जास्त काळ वापरात आहे. मग कमी काय पडतंय? आणि समुद्राचं पाणी गोडं करून का भागत नाही?

तुरटी:
समुद्राचं आधी उरकतो. एक हजार लिटर गोडं करायला साधारण ३-४ युनिट वीज लागते आणि उरलेलं जास्तच खारट पाणी टाकायचं कुठे, हा घोर वेगळा. किनाऱ्यावरच्या पैसेवाल्या शहराला जमतं. डोंगरावरच्या वस्तीला काय उपयोग?

आता २२० कोटी. हे सगळे नदीवर ओंजळ भरणारे नाहीत. नदी-तळ्याचं तसंच पिणारे त्यात साडेअकरा कोटींच्या आसपास. जवळजवळ १५० कोटींना पाणी बऱ्यापैकी स्रोताचं, अर्ध्या तासात जाऊन-येऊन मिळतं. पण ते घरात नसतं, हवं तेव्हा नसतं, नाहीतर दूषित असतं. तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी सुरक्षित धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

माझी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, म्हणून हवं तेव्हा पाणी यावर जरा अडून बसतो. पुरवठा बंद केला की पाइपातला दाब जातो. मग प्रत्येक ढिला जोड शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढून घेतो. पुन्हा पाणी सोडलं की घरात आधी तेच येतं. शुद्धीकरण केंद्रात सगळं चोख असूनही शेवटच्या नळाला क्लोरीन शून्य! त्यामुळे नमुना घ्यायचा तो शेवटच्या नळाचा. टाकीजवळचा घेतला की अहवाल कायम झकास येतो, आणि साहेबांना तोच आवडतो.

हे सुधारता येतं. कंबोडियाच्या नोम पेन्हमध्ये १९९३ला सुमारे ७२ टक्के पाणी गळतीत आणि चोरीत जायचं. एक सोन चान (‘एक’ हा नावाचाच भाग) तिथल्या पाणीपुरवठ्याचे प्रमुख झाले. त्यांनी मीटर बसवले, गळती शोधणारी पथकं नेमली, बड्या धेंडांकडूनही बिलं वसूल केली. पुढे तोटा सहा टक्क्यांवर आला, पाणी चोवीस तास झालं. यात नवं यंत्र कुठलं होतं, सांगा.

भिंगरी:
काका, सगळं पाइपावर ढकलू नका. बांगलादेशात पाइपच नव्हते. तळ्यांच्या पाण्याने हगवण होते म्हणून १९७०च्या दशकापासून लाखो कूपनलिका खोदल्या. पाणी नितळ, जंतूही कमी, पण आर्सेनिक या जमिनीतल्या विषाची तपासणीच नव्हती. ते तिथल्या विहिरींत सापडलं १९९३ मध्ये, तोवर कोट्यवधी लोक पीत होते. मग विहिरी तपासून लाल-हिरवे रंग लावले. पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, हे लोकांना समजावणं किती अवघड असेल! आणि डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम असताना तिथली ५०.

तुरटी:
मान्य. जमिनीतलं विष पाइप दुरुस्त करून जाणार नाही. पण नवा स्रोत घेतला की पूर्ण तपासणी व्हायलाच हवी, आणि ती गरीब देशातच चुकते असंही नाही. अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये २०१४ला नदीचं पाणी घेतलं, गंज रोखणारं रसायन घातलं नाही, आणि जुन्या पाइपातलं शिसं नळात उतरलं.

वाटसरू:
एका हातपंप योजनेला देणगी द्यायचा विचार आहे. त्यांना काय विचारू?

तुरटी:
तीन वर्षांनी वॉशर झिजला की बदलणार कोण आणि पैसे कुठून येणार, हे विचारा. माणूस आणि रक्कम दोन्ही सांगितलं तर खुशाल द्या. उद्घाटनाचे फोटो पुढे केले तर दुसरी संस्था बघा.

भिंगरी:
आणि आर्सेनिक, फ्लोराइडचा अहवाल मागा. खोदण्याआधी!