‘लवचीक प्रवासी’ म्हणजे नेमका कोण?

शनिवारपेठी: विमानभाड्यांवरच्या एका भाषांतरात ‘फ्लेक्सिबल कस्टमर’ला ‘लवचीक प्रवासी’ आणि ‘सीट अ‍ॅलोकेशन’ला ‘आसनवाटप’ केलंय. पहिला शब्द वाचून योगवर्गच डोळ्यांपुढे येतो. बरे शब्द सुचवा.

लोहगाववाला: ‘आसनवाटप’ म्हटलं की खिडकी मिळणार की मधली, असंच वाटतं. इथे प्रश्न असा की १८० जागांपैकी किती स्वस्तात सोडायच्या आणि किती उशिरा येणाऱ्या, पूर्ण भाडं देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी धरून ठेवायच्या. म्हणून ‘जागा-राखण’. मूळ हिशेब १९७२चा, बीओएसी या ब्रिटिश विमानकंपनीतल्या लिटलवुड यांचा. समजा स्वस्त भाडं ४,५०० आणि पूर्ण ९,०००, म्हणजे निम्मं. चाळीस जागा राखून झाल्या, तर एकेचाळिसावी पूर्ण भाड्याने खपायची शक्यता निम्म्याहून जास्त असेल तर राखा, कमी असेल तर स्वस्तात जाऊ द्या.

‘रेव्हेन्यू मॅनेजमेंट’ला ‘महसूल व्यवस्थापन’ही नको, तलाठी आठवतो. ‘उत्पन्न-नियोजन’ चालेल.

शनिवारपेठी: मग सरळ ‘कोटा’च म्हणा की!

लोहगाववाला: कोट्यात कप्पे बंद असतात. पूर्ण भाड्याच्या ६० संपल्या आणि स्वस्तातल्या १२०पैकी काही पडून असल्या, तरी एकसष्टाव्याला नकार मिळेल. विमानात तसं होत नाही. महाग वर्ग स्वस्ताच्या वाट्यातून घेऊ शकतो, उलट नाही.

कर्वेरस्ता: ह्याला ‘उतरंड’?

लोहगाववाला: शब्द झकास, पण उतरंडीत मडकी एकमेकांवर असतात. इथे डब्यात डबा आहे.

कर्वेरस्ता: बरं. ‘लवचीक’ची खरी अडचण मला वेगळी वाटते. ‘फ्लेक्सी’ तिकिटात प्रवासी जास्त पैसे मोजून तारीख बदलायची मुभा विकत घेतो. हा ‘लवचीक प्रवासी’ नेमकं उलट करतो. पुणे–दिल्ली सकाळचं दे नाहीतर संध्याकाळचं, म्हणत कंपनीला मुभा देतो आणि बदल्यात सूट घेतो. दोघांना एकच विशेषण लावलं की वाचक फसतो. पहिल्याला ‘बदलमुभा तिकीट’, दुसऱ्याला ‘मोघम तिकीट’ म्हणावं.

लोहगाववाला: ‘मोघम’ पटलं, कारण हिशेबही तसाच आहे. सकाळची विक्री १८०च्या आत, संध्याकाळची १८०च्या आत, आणि दोन्ही अधिक मोघम मिळून ३६०च्या आत. सकाळी १७०, संध्याकाळी १५० गेल्या असतील तर मोघम ३० घेऊनही सकाळच्या १० जागा पूर्ण भाड्यासाठी मोकळ्या राहतात.

घोटाळा बहुधा दोन ठिकाणी होतो. विकतानाच मोघम प्रवाशाला सकाळच्या विमानात बसवून टाकलं तर सूट देऊन हाती काहीच लागत नाही. त्याचं विमान शक्य तितकं उशिरा ठरवायचं. दुसरं म्हणजे सूट फार मोठी ठेवली की सकाळचंच हवं असलेला, पूर्ण भाडं देऊ शकणारा माणूसही मोघमकडे सरकतो.

शनिवारपेठी: जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेल्यावर विमानाच्या दारात भरपाई घेऊन मागे थांबणारा, तोही मोघमच का?

लोहगाववाला: नाही. त्याचं विमान पक्कं होतं, त्याने ते नंतर सोडलं. अशा वेळी डीजीसीए या विमानवाहतूक नियामकाच्या नियमाप्रमाणे कंपनीला आधी राजीखुशीने थांबणारे विचारावे लागतात. त्याला ‘जागा सोडणारा’ इतकं साधं पुरे.

शनिवारपेठी: पण तिकिटावर ‘मोघम’ छापलं तर पुण्यात कोणी घेईल का? पहिला प्रश्न ‘म्हणजे नक्की काय?’

कर्वेरस्ता: तारीख पक्की, भाडं पक्कं, फक्त वेळ मोघम. ‘मोघम-वेळ तिकीट’ छापा.