प्रतिसाद: सुई वर जाणे आणि इंजिन तापणे
आंबा घाट चढताना ट्रायम्फ स्पिटफायर या १९६०-७०च्या दशकांतील ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची सुई तापमानाच्या वरच्या टोकाला जाते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकावा, हा या चर्चेतील सल्ला मला पटत नाही. थर्मोस्टॅटविना इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो आणि झीज वाढते. रेडिएटर खरोखरच चोंदला असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात तो उघडून साफ करून घ्यावा. पण त्याआधी सुई खरे सांगते आहे का, हे पाहायला हवे.

त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत तापमान आणि पेट्रोल या दोन्ही मीटरना बॅटरीचा थेट पुरवठा नसतो; डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर तो सरासरी १० व्होल्टवर राखतो. त्यातील द्विधातू पट्टी तापली की वाकून पुरवठा तोडते; तिला तापवणाऱ्या तारेचे अर्थिंग गाडीच्या पत्र्यातून होते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो सांधा गंजला की पट्टी तापत नाही, संपर्क सुटत नाही व चालू इंजिनावर जवळपास १४ व्होल्ट थेट मीटरपर्यंत पोहोचतात. अशा वेळी दोन्ही सुया एकदमच जास्त दाखवतात, त्यामुळे पेट्रोलची सुईही टाकीत आहे त्यापेक्षा अधिक भरणा दाखवत असेल, तर रेडिएटरला हात लावण्यापूर्वी स्टॅबिलायझरचा सांधा घासून स्वच्छ करावा. याउलट केवळ तापमानाचीच सुई चढत असेल, तर इंजिनावरचा तापमानाचा सेन्सर काढून गरम पाण्यात थर्मामीटरसोबत तपासणे आवश्यक आहे. शीतक (कूलंट) कमी होऊन सेन्सर उघडा पडला, तर इंजिन उकळत असतानाही सुई खाली राहू शकते आणि ती स्थिती मला अधिक धोक्याची वाटते.